मेंदूच्या फोटोला हार

शालिनीवहिनी, मुख्याध्यापक बाई, शाळेतले जुने-नवे सहकारी आणि मागे दाराशी उभे आहात ते सगळे विद्यार्थी. त्या उभ्या लोकांना खुर्च्या द्या कोणीतरी. माझं लवकर आटपणार नाही.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नाही म्हटलं होतं. कारण समोर टेबलावर ठेवलंय. उमाटे सरांच्या चेहऱ्याचा फोटो, आणि त्याच्या शेजारी त्यांच्या मेंदूचा फोटो. दोन्हीला हार. मी भोयर. याच शाळेत ते जीवशास्त्र शिकवायचे आणि मी पदार्थविज्ञान. उद्या मी गेलो तर तुम्ही एकच फोटो ठेवाल, तोही पेन्शनच्या कागदावरचा. मला हेवा वाटतो. शोकसभेत माणसानं असं बोलू नये, मला कळतं. पण तुम्हाला सगळ्यांना ते ठाऊक आहे, आणि त्यांना तर सगळ्यात आधी ठाऊक होतं.

आपल्याकडे एक बरं आहे. दवाखान्यात काढलेली प्लेट पेशंटच्या घरी येते. कपाटावर मोठ्या लिफाफ्यात पडून राहते, आणि पाहुणा आला की खिडकीशी धरून त्याला दाखवतात. नव्वद सालानंतर वर्ध्यात डोक्याचं सीटी स्कॅन करून येणारे लोक दिसायला लागले. ते लिफाफे पिपरी मेघेच्या रस्त्याला लागले. कोणाकडे? उमाटे सरांकडे. त्यांच्या बैठकीची पूर्वेची खिडकी तुम्ही पाहिली आहे. सकाळी ऊन आलं की तिथे प्लेट लागायची आणि खाली चपलांचा ढीग.

ते आधीच सांगायचे, "मी डॉक्टर नोहो. आजार काय हाये ते डॉक्टरले विचारजो. मी फक्त कोणतं घर कोणाचं ते दाखवतो." मग दाखवायचे. हा लहान मेंदू, तोल सांभाळणारा. हा मागचा भाग, डोळ्यांनी दिसतं ते इथे समजतं. सीटी म्हणजे काय, तर एक्स-रेच, पण ब्रेडच्या चकत्या कापाव्या तशा चकत्याचकत्यांनी काढलेला. पुढे एमआरआय आला. त्यात एक्स-रे नाही. तिथे मोठं चुंबक आणि रेडिओच्या लहरी.

चुंबक आणि लहरी. मला सांगा, हा विषय कोणाचा? जीवशास्त्राचा का? नालवाडीत माझ्या घरीही खिडकी होती. तीही पूर्वेचीच होती. एक माणूस कधी लिफाफा घेऊन आला नाही.

एकदा मात्र मी त्यांना पकडलं. ते प्लेटवर बोट ठेवून सांगत होते, हा डावा भाग, इथे बहुतेकांची बोली असते. मी कोपऱ्यातलं बारीक अक्षर वाचलं. म्हटलं, उमाटे, डावं-उजवं चुकलं. पेशंट आपल्याकडे तोंड करून उभा आहे असं समजून ही प्लेट पाहायची असते. त्याचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो. त्यांनी वाकून ते अक्षर वाचलं. मी त्या दिवशी सायकल दामटत घरी गेलो, इतका खूश होतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रत्येक वर्गात सांगितलं, "भोयर सरांनी माझी चूक काढली." आणि स्टाफरूममध्ये चर्चा काय? उमाटे सरांचं मन किती मोठं. आता सांगा, अशा माणसाशी भांडायचं कसं?

मग रंजनाचा फोन आला. रंजना आपली विद्यार्थिनी, सिंदी मेघेची, पुढे डॉक्टर झाली आणि बंगळूरला संशोधन करायला लागली. ती आज येऊ शकली नाही. तिला धडधाकट म्हातारे हवे होते. काम करताना मेंदूचा कोणता भाग जागा होतो, हे पाहायचा तिचा अभ्यास होता. तिने दोघांनाही बोलावलं. हे लक्षात ठेवा, दोघांनाही. मी नवीन शर्ट शिवला. चेहऱ्याचे फोटो सगळ्यांचेच असतात. मला माझ्या मेंदूचा पाहिजे होता.

सेवाग्रामवरून बंगळूरची गाडी पकडली. तिथे पोचल्यावर घड्याळ काढलं, पट्टा काढला, पाकीट काढलं. रंजनानं विचारलं, "सर, शरीरात कुठे धातू?" मी म्हटलं, नाही. उमाटे माझ्याकडे पाहून म्हणाले, "भोयर, तुया पायात सळई हाये ना बे. स्कूटरवरून पडलता तवाची."

जन्मभर मुलांना चुंबक शिकवणारा माणूस स्वतःच्या पायातली सळई विसरला. रंजना हळूच म्हणाली, "सर, चुंबकाजवळ लोखंड नेऊ नका, हे तुम्हीच शिकवलं होतं."

मी बाहेर बाकावर बसलो. आतून मशीनची ठकठक ऐकू येत होती. आत हे आडवे. काही वेळ उजव्या हाताची बोटं हलवायची, मग काही वेळ स्वस्थ पडायचं, काही विचार करायचा नाही. पुन्हा बोटं, पुन्हा स्वस्थ. रंजनानं समजावलं, की मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे रक्त जास्त धावतं, आणि मशीनला तो फरक कळतो. बोटं हलवतानाच्या प्रतिमांतून स्वस्थ पडल्याच्या प्रतिमा वजा करायच्या. उरतो तो हा ठिपका, तुमच्यासमोरचा, शेंदरी. आणि ऐका, मेंदूत शेंदरी काही नसतं. रंग संगणक भरतो. हे मी त्यांच्या बैठकीत कितीदा सांगितलं, पण लोक फ्रेमकडे पाहून म्हणायचे, "काय सर, काय रंग आलाय तुमच्या मेंदूले."

एका गोष्टीनं मात्र माझा दिवस सार्थकी लागला. रंजना म्हणाली, "सर, काही प्रतिमा टाकून द्याव्या लागल्या. डोकं हललं तुमचं." हे म्हणाले, "खोकला आलता." मला केवढा आनंद. परतीच्या गाडीत बल्लारशापर्यंत मी तेच बोलत होतो. जरासा वेळ पडून राहणं जमलं नाही तुमाले. मी असतो तर दगडासारखा राह्यलो असतो. पुढे कित्येक वर्षं मी ते ऐकवलं. ते फक्त हसायचे.

मागच्या महिन्यात त्यांचं हृदय थकलं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. मी जाऊन बसायचो. बोलायला त्रास व्हायचा त्यांना. एक दिवस म्हणाले, "भोयर, मले खोकला नव्हता आलता."

मी म्हटलं, कवा?

"मशीनमंदी. रंजना म्हणे काहीच विचार करू नका. आन् मले तू दिसला. बाहीर बाकावर बसून जळून राह्यला अशीन, नवा शर्ट घालून. तुयं तोंड कसं झालं अशीन ते दिसलं. हसू आवरेच ना यार."

वहिनी तिथेच होत्या. विचारा त्यांना.

आत्ता बाई म्हणाल्या की वहिनींच्या परवानगीनं हा फोटो प्रयोगशाळेत लावायचा. काल फोनवर बाईंनी मला हेच सांगितलं तेव्हा मी विरोध करणार होतो. मागूनच घेणार होतो, म्हणणार होतो की माझा यावर हक्क आहे. रात्री विचार केला. लावा शाळेत. मुलांना दाखवा, डावं-उजवं नीट सांगा, रंग संगणक भरतो हेही सांगा. त्या फोटोत आहेत ती त्यांची बोटं. माझं त्यात काही नाही. ज्या प्रतिमांमध्ये मी होतो, नेमक्या तेवढ्याच रंजनानं टाकून दिल्या. तिचं बरोबर होतं. शास्त्रात तसंच करावं लागतं. पण मले त्याच पाहिजे होत्या. माझ्या मेंदूचा फोटो कधी निघाला नाही, पण कोणाच्या तरी मेंदूत मी होतो, हे त्यात दिसलं असतं.

आता मी कोणाचा हेवा करू? सकाळी खिडकीत ऊन येतं आणि मले कोणावर रागच येत नाही. हे दुःख कोणाले सांगू?

उभे राहू या. दोन मिनिटं स्तब्धता पाळायची. त्या मशीनमध्ये सांगतात तसं, काही विचार करू नका असं मी तुम्हाला म्हणणार नाही. ते त्यांना जमलं नाही, आपल्याला कुठून जमणार? त्यांचा विचार करा. आणि हसू आलं, डोकं हललं, तरी हलू द्या. आज कोणी काही टाकून देणार नाही.