हरभऱ्याएवढा पिवळा दिवा

नाही, मला एक सांगा, गाडी पळतीय झकास, आवाज नाही, धूर नाही, मग ह्या बयेला दिवा लावायची गरज काय होती? आणि लावायचाच होता तर आदल्या दिवशी लावायचा! चार वाजता नारायणराव गुरुजी गाडी विकत घ्यायला येणार, आणि सकाळी नऊला मी चावी फिरवतो, गाडी चालू होते, मीटरमधले सगळे दिवे विझतात आणि एक पिवळा बसलाय आपला डोळे वटारून! दिवा केवढा? हरभऱ्याएवढा! पण तुम्हाला सांगतो, अख्खा दिवस खाल्ला त्यानं...

तुम्ही म्हणाल, शिवलिंगप्पा, एवढं काय त्यात? अहो, लोहाऱ्यात भांड्यांचं दुकान आहे माझं, तीस वर्षं झाली. शाळा चौथीपर्यंत, पण गिऱ्हाईक कळतं. पातेल्याला पोचा असला तर मी आधी बोट ठेवून दाखवतो, मग भाव सांगतो. त्याच्यावर तर दुकान चालतं! गुरुजी म्हणालेले, "आप्पा, तुमचा शब्द आहे ना, मग मी गाडी काय तपासायची?" आता त्या शब्दावरच हा दिवा!

बायकोला बोलावलं. इरम्मानं चष्मा लावला, दिव्यातलं चित्र न्याहाळलं. तुम्ही बघितलंय का हो ते चित्र? म्हणाली, "अहो, ही तर विहिरीवरची मोटार! गाडी पाणी मागतीय." आणि काय सांगू, मलाही पटलं! हुबेहूब आपली पाच हॉर्सपॉवरची! मग काय, रेडिएटरला पाणी, काच धुवायच्या डब्यात पाणी, आणि बाई तांब्या घेऊन इंजिन ऑइलच्या झाकणापाशी पोचली तेव्हा मी आडवा झालो म्हणून गाडी वाचली. चावी फिरवली... दिवा आहे तिथंच!

मग बब्रुवान मेकॅनिक. त्यानं बॉनेट उघडलं आणि असा चेहरा केला की मी आपोआप टोपी काढली. "आप्पा, लई दिवसांपासून हाय का?"

"काय?"

"न्हाय, सहन करती बिचारी."

प्लग काढले, पुसले, लावले. फिल्टर झटकला. मग म्हणतो, "उंदरानं वायर खाल्ली असंल." झालं, अर्धा तास दोघं उंदीर शोधतोय! मग म्हणतो, "इंजिन उतरवावं लागतंय." अहो, इंजिन उतरवून गुरुजींना दाखवू काय, डिक्की? दिवा केवढा? हरभऱ्याएवढा! आणि उतरवायचं अख्खं इंजिन!

तीन वाजले. तेव्हा हा गडी पिशवीतून मोबाईलएवढी मशीन काढतो, स्टेअरिंगखाली वायर खुपसतो आणि म्हणतो, "पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल हाय."

मी गारच! म्हटलं, "अरे, मशीन होती तर सकाळीच का नाही लावली?" तर म्हणतो कसा, "आप्पा, मशीनला लगीच कळतं. मग मला कोण इचारणार?"

आणि झाकण सैल ठेवलं कुणी? म्याच! पंपवाल्याला हात लावू देत नाही मी, आवळून आवळून आटे झिजवतो म्हणून. तीस वर्षं डबे विकताना बायकांना सांगतोय, ताई, झाकण नीट बसवा, पापडाला हवा लागते... आणि माझंच झाकण?

आवळलं. दिवा तसाच! बब्रुवान म्हणतो, "लगीच जात न्हाय. चार दिवस पळवली की आपोआप जातो." चार दिवस? गुरुजी चार वाजता! तर तो कानाशी आला, "मीटर उघडून दिव्यावर काळी टेप डकवू का?" आणि मी... तुमच्यापासून काय लपवायचं, मी मान डोलावली.

गुरुजी आले. बसले. चावी अर्धीच फिरवली आणि बोटानं दिवे मोजायला लागले, वर्गात हजेरी घ्यावी तसे. "बॅटरी, हजर. ऑइल, हजर. हँडब्रेक, हजर. इंजिन?... आप्पा, इंजिनाचा दिवा गैरहजर?"

आता मला काय ठाऊक, की चावी फिरवली की तोही क्षणभर लागायलाच पाहिजे! रोज बघतो, पण मोजले कधी? म्हणजे बघा, दिवसभर मेलो तो लागतोय म्हणून, आणि धरला गेलो तो लागत नाही म्हणून! दिवा केवढा? हरभऱ्याएवढा! आणि खाली मान घालून उभा कोण? तीस वर्षांचा दुकानदार!

"गुरुजी, टेप लावली दिव्यावर, पण खरंच सांगतो, नुसतं टाकीचं झाकण सैल होतं हो!" शंभर टक्के खरं बोलत होतो, पण माझं मलाच खोटं ऐकू येत होतं. गुरुजी भांडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते उतरले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चालत एसटी स्टँडकडं गेले.

चार दिवस गाडी पळवली. पार ईट गावापर्यंत जाऊन आलो, काही काम नसताना. मग बब्रुवानकडून मीटर उघडून टेप सोलून घेतली, चावी फिरवली. पिवळा लागला आणि शहाण्यासारखा विझला! डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. धावत जाऊन फोन लावला, "गुरुजी, दिवा गेला! अगदी आपोआप गेला!"

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. मग अगदी मायेनं म्हणाले, "आप्पा, ह्या खेपंला कुठली टेप लावली?"