फ्रिजातले पन्नास सिगार

नाही रे बाबा, दूधबिध शोधू नकोस त्यात, नुसते सिगार आहेत – हस, सगळेच हसतात. पण मिस्त्री, दार पुरतं उघडू नकोस, आणि आवाज जरा खाली – बायको पलीकडे बसलीय. डोळे गेले, उजवा हात गेला, कान मात्र शाबूत आहेत एडेलमिराचे. तर आतल्या फळ्या मी ठोकल्यात, सिगारच्या जुन्या पेट्यांच्या – आमच्या पिनार देल रिओत, तंबाखूच्या मुलखात, पेट्यांना काय तोटा? हा काटा गरमी दाखवतो, तो दमटपणा. अठरा अंश गारवा आणि पासष्टावर दमटपणा – बस, एवढंच मागतात बिचारे. पण द्यायचं कुणी?

दुखणं कुठंय ते सांगतो. वीज असली की यंत्र चालतं, गार होतं – पण हवेतलं पाणीच पिऊन टाकतं. काटा पन्नासाखाली, पानं चुरचुरायला लागतात. म्हणून मी ओला स्पंज ठेवतो, एक, मग दोन – की गेली वीज. किती वेळ? मला काय विचारतोस, तुझ्या गल्लीत वेगळी येते का? दहा तास, कधी चौदा. मग आत उबारा, स्पंज ओलेच, काटा नव्वदावर, पानांवर पांढरी बुरशी. स्पंज काढले, बुरशी पुसली, की वीज हजर! परत कोरडं. माणसानं धावायचं तरी कुणामागं? दार? आठवड्यातून एकदा उघडतो – बरं, रोज एकदा. नाही, खोटं कशाला बोलू, दिवसातून तीनदा. ती विचारते ना – कॉफीबरोबर, जेवताना, झोपायच्या आधी – ‘अन्सेल्मो, माझी लेकरं कशी आहेत?’ मग बघून यावं लागतं. न बघता कसं सांगायचं? बघतो आणि ‘छान आहेत’ म्हणतो. तिच्यापुढं जायच्या आधी चेहरा नीट करतो – आंधळ्या बाईसमोर, बघ माझी अक्कल.

पन्नास आहेत. एकेचाळीस वर्षं कारखान्यात सिगार वळले तिनं. घरी न्यायला रोज दोन-चार मिळायचे ते आम्ही विकून टाकायचो, सगळेच विकतात. हे तेवढे शेवटच्या महिन्यातले, विकायचे राहून गेले – आणि मग हात लुळा पडला. त्यानंतर एकही नाही. आता हे बघ. टाचणीनं टोचल्यासारखं भोक – किडा. अंडं पानाबरोबर शेतातूनच येतं, गारव्यात निजून राहतं, उबारा मिळाला की जागं होतं. उपाय आहे, मला ठाऊक नाही असं समजू नकोस – पिशवीत बांधून तीन दिवस गोठवायचे. शेजारच्या कारिदादनं तिच्या फ्रीजरमधली कोंबडी एका कोपऱ्यात सारली माझ्यासाठी. दुसऱ्याच दिवशी वीज गेली. माझं राहिलं, तिची कोंबडीही नासली. उलट मलाच विचारते, सिगार वाचले का? शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं.

धड किती राहिले? असतील की वीसेक – दहा – एकही नाही, मिस्त्री.

आणि काल तिनं हात पुढं केला. ‘दे एक, बघू दे.’ कसा देऊ? बोटाला भोक लागलं असतं. मी म्हटलं, थांब, दार अडकलंय – आणि कोपऱ्यावरून एक विकत आणला. ढिला, टोकावरची पानाची टोपी वाकडी, कुणी वळला देव जाणे. तोच दिला. अरे, ही बाई कारखान्यात डोळे मिटून सिगारची टोपी चाचपायची आणि सांगायची – हा रेमिहिओचा, हा ओतिलियाचा, आणि हा गाढवानं लाथेनं वळलाय. वाटलं, आता भिरकावते माझ्या तोंडावर. मी तोंड पुढंच करून उभा होतो. तिनं डाव्या हातात घेतला, टोपीवरून अंगठा फिरवला, वास घेतला – आणि हसली. म्हणाली, ‘बघ, माझा हात लपत नाही.’

मी म्हटलं, नाही लपत.

नको, तो स्क्रू नको काढूस. राहू दे आता. दार लाव. तू काहीही जोडलंस तरी वीज का तुझ्या हातात आहे? – ऐक, हाक मारतेय. बाहेर जायला वाट तिच्यापुढूनच आहे. ती विचारेल, झाला का दुरुस्त? हो म्हण. तेवढंच म्हण, आणि थांबू नकोस, जा.