पाह्यजे होतं चौथं

अन् वरून माही बायको शालूबाई म्हणते, "गुमान बसाले काय झालं होतं तुमाले?" आता गुमानच बसलो होतो नं बाई चार वर्षं! त्याचंच तं सगळं लफडं आहे... तुमाले सांगतो, माणसानं एक वेळ उपाशी राहावं, पण साठीच्या पुढं दुसऱ्याच्या भाषेतला भूतकाळ पाठ करू नये. मले पाह्यजे होतं चौथं, अन् तोंडातून निघते पहिलं!

थांबा, पहिल्यापासून सांगतो. पाहा, इथं बी पहिल्यापासूनच! मी भागवत मास्तर, वडनेर भोलजीचा, एकतीस वर्षं पोट्ट्यायले पाढे शिकवले. माहा पोरगा हर्षल फ्रान्सले नोकरीले गेला, अन् तिथल्याच एलोदी नावाच्या पोरीसंगं लग्न करून मोकळा झाला. मले विचारलं? नाही! मंग मी बी म्हटलं, "आजपासून तुह्यासंगं बोलणं बंद." बंद म्हणजे बंद! दर रविवारी त्याचा फोन ये, शालूबाई बोले, अन् मी पेपर उलटा धरून कान निरा फोनात. एक दिवस त्या पोरीनं फोनातून हात जोडले, "नमस्कार, बाबा" म्हणे... अन् मी काय केलं? फोन पालथा ठेवला. पालथा! असं कोणी करते काय हो?

ते पालथं करणं मले तवापासून टोचून राह्यलं. पण सांगतो कोणाले?

यंदा खबर आली, दोघं येऊन राह्यले. ठरवलं, पोरीले तिच्याच भाषेत एक वाक्य म्हणायचं. खामगावले सईदभाईच्या रद्दीच्या दुकानात फ्रेंचचं व्याकरण सापडलं. सापडलं म्हणजे काय... वाळवीनं खाऊन उरलेलं! सईदभाई म्हणे, "मास्तर, जो बचा है वो तो पढ़ो!" बचलं काय होतं? एक धडा. 'बोलणे' या क्रियापदाचा भूतकाळ. म्हटलं वा, आपलं भांडणच न बोलण्याचं! मोबाईलवर शिकता आलं असतं म्हणता? हाव, पण मास्तरले छापलेलं पाह्यल्याबिगर पटते काय? उच्चार तेवढे मोबाईलातल्या बाईकडून घेतले. ज पार्ले, मी बोललो. त्यु पार्ला, तू बोलला. इल पार्ला, तो बोलला. नू पार्लाम, आपण बोललो. वू पार्लात, इल पार्लेर! म्हशीले पेंड टाकता टाकता घोकलं, दाढी करता करता घोकलं. शालूबाई म्हणे, "सकाळपासून बिस्किटाचं नाव घेऊन राह्यले, चहा ठेवू काय?"

आता माही हुशारी पाहा. मधात 'न' अन् 'पा' कोंबलं की 'नाही' होते. पण 'मी बोललो नाही' म्हटलं तं सगळा दोष माह्याच गळ्यात! म्हणून निवडलं चौथं. नू न पार्लाम पा, 'आपण बोललो नाही.' म्हणजे थोडं माहं, थोडं हर्षलचं, थोडं तिचं... वाटून गेलं की नाही? पण पाठ केलं होतं पाढ्यासारखं! तेरा सत्ते किती असं मधूनच विचारलं, तं तेरा एके तेरापासून चढावं लागते नं? तसंच! मले पाह्यजे चौथं, अन् तोंडातून निघते पहिलं!

आले दोघं. पोरगी ओट्यासमोर उभी, साडी नेसलेली, निऱ्या सुटून राह्यल्या. हात जोडाले उचलले अन्... अर्ध्यातच थांबले. थांबतीलच नं! मागच्या खेपेचं ध्यानात असंन तिच्या. मी घसा खाकरला. "ज न पार्ले पा..." अरे बाप्पा, हे नाही! चढा वर! "त्यु न पार्ला पा, इल..." तेवढ्यात शेजारची वंदना डोकावली, "मास्तर, पाहुणे आले काय हो?" गेलं! तुटला पाढा! पुन्हा पहिल्यापासून! तीनदा झालं असं. बंडी घामानं ओली, पोरीचे हात तसेच अधांतरी, अन् मले पाह्यजे चौथं!

मंग हर्षलकडे पाह्यलं. ह्याच ओट्यावर, सात वर्षांचा असताना, तो बी असाच चढे... तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस... अन् मी पट्टी उगारून म्हणो, "पहिल्यापासून नाही बे, मधूनच सांग!" किती मारलं असंन त्याले! खरं सांगतो, तवा लाज वाटली नाही. आता वाटली. अन् तो म्हणते कसा, हळूच, "बाबा, म्हणा पहिल्यापासून. इथं पट्टी नाही कोणाच्या हातात."

तिथं मी फुटलो. म्हटलं, "ज न पार्ले पा." मराठीत बी म्हटलं, "मी बोललो नाही." अन् पुढची एकही ओळ आठवेना! तिसरं गेलं, चौथं गेलं, सगळा पाढा गेला, उरलं ते पहिलंच. शालूबाई डोळ्याले पदर लावून म्हणे, "तेवढंच तं खरं होतं. थांबा आता तिथंच."

पोरीनं अर्ध्यात राह्यलेले हात जोडले. मंग हर्षलच्या कानात काहीतरी कुजबुजली. म्हटलं, "काय म्हणते बे?"

"ती म्हणते, समजलं. फक्त... हा भूतकाळ तिकडं पुस्तकातच राह्यला, बाबा. तोंडानं कोणी तसं बोलत नाही."

घ्या! चार वर्षांनी तोंड उघडलं, ते बी अशा काळात, ज्यात कोणी बोलतच नाही! मले तसा चारच वर्षं उशीर झाला होता हो... वाळवीनं त्यात अजून शंभरेक टाकले.