चित्रातल्या बाईचे कुंकू कोणी पुसायचे, याबाबत

मी, स्वराज दत्तोबा मुऱ्हे, वय २३ वर्षे, शिक्षण नववी नापास, धंदा खाजगी सुरक्षारक्षक, रा. सोमाटणे, ता. मावळ, जि. पुणे, लोणावळा येथे पोलिसांसमोर समक्ष हजर राहून जबाब देतो की,

मी लोणावळ्यातील एका बंगल्यातील चित्रदालनात कामास आहे. तेथे एकोणिसाव्या शतकातील तैलचित्रे लावलेली आहेत. चित्रांना कोणी हात लावू नये, एवढेच माझे काम आहे.

आज दुपारी माझी मावशी सरुबाई कार्ल्याच्या एकवीरेचे दर्शन घेऊन मला भेटायला आली. मी तिला चित्रे दाखवली. घोड्यावरच्या गोऱ्या साहेबाला पाहून ती म्हणाली, "घोडा खाऊन माजलाय अन् सायेब उपाशी." पुढे नऊवारी नेसलेल्या, नथ घातलेल्या बाईचे मोठे चित्र आहे. मी इतर पाहुण्यांना फ्लॅश बंद करायला सांगत होतो. तेवढ्यात मावशी म्हणाली, "एवढी नटलीय अन् कपाळ मोकळं? चितारी इसरला व्हय!" मी वळेपर्यंत तिने देवीच्या पुडीतले कुंकू त्या कपाळाला लावले होते. बोट उजव्या हाताचे, करंगळीशेजारचे होते.

व्यवस्थापक कोमल मॅडम धावत आल्या. "मावशी, ह्या बाई जाऊन सव्वाशे वर्षं झाली!"

"सवाष्ण गेली का?"

"मला काय माहीत! शेजारचं चित्र त्यांच्या यजमानांचं आहे."

"मग हाय की, मिशीला पीळ देत बसलाय. धनी शेजारी असताना बाईचं कुंकू पुसता?"

मॅडमनी ओला कापूस हातात घेतला, चित्रापर्यंत गेल्या व परत आल्या. "मी असलं काही मानत नाही. स्वराज, तू पूस." मी नकार दिला. त्या म्हणाल्या, "मग उद्यापासून येऊ नकोस," आणि पोलिसांना फोन लावला. घरात पगार माझा एकट्याचा आहे, हे त्यांना माहीत आहे.

हवालदार बजरंग भाऊ आले. मॅडमनी कापूस त्यांच्यापुढे धरला असता ते म्हणाले, "पंचनाम्यात पुसणं बसत नाही."

माझे म्हणणे एवढेच की, मॅडमनी स्वतः माझ्यासमोर कुंकू पुसावे. त्यांनी पुसले तर मी काम सोडतो. माझी तक्रार राहणार नाही.

लिहिलेले मला मोठ्याने वाचून दाखवले, ते मी सांगितल्यासारखेच आहे. वाचन चालू असता मॅडम हजर होत्या. "उद्या वेळेवर ये," असे त्या म्हणाल्या. तेवढे खाली वाढवून घ्यावे, ही विनंती.