राखेवर पालथा हात

ऐका. पण आधी ती बिडी विझव, सोपाना. तशी नाही! दगडावर घास. हं. आता मातीत दाब. मग सांगते.

चैत सरत आलेला. गवत एवढं वाळलेलं की पाय टाकला तरी करकर वाजायचं. अशात धावजी दिवस बुडल्यावर घरातून निघाला. एकटा. खिंडीच्या वाटेनं.

होळीच्या आधी त्याची बायको गेली, ठकी. पान लागलं तिला. रात्री त्या जनावराचं नाव घेत नाहीत, तुम्हाला कळलं. तेव्हापासून माणूस बधिर झालेला. वाढलं तर जेवायचा, नाही वाढलं तर नाही. रडला का? एकदासुद्धा नाही.

त्या सांजेला त्यानं घरामागचा राब भाजला. पावसाआधी भाताच्या रोपाच्या वाफ्यावर पाला, शेण, फांद्या रचून जाळतात ना, तो राब. जाळ बसला, राख झाली. ठकी असती तर तिनं दोन घागरी ओतल्या असत्या आणि राखेवर पालथा हात ठेवून बघितला असता. पालथाच हां! तळहात कामानं मेलेला असतो, त्याला ऊब कळत नाही. पण ते काम ठकीचं. धावजीच्या ध्यानातच आलं नाही.

घरात चार वर्षांची पोर निजलेली. उठून बाहेर पडेल म्हणून त्यानं दाराला बाहेरून कडी घातली. आणि सासुरवाडीला चालला. सासूला सांगायला, की पोर तुम्ही न्या, माझ्यानं व्हायचं नाही.

करवंदीच्या जाळीपाशी आला. तर वाटेवर कोण? एक म्हातारी. काखेत घागर.

"बाबा, राब इझला का?"

"इझला," धावजी म्हणाला. आणि गेला पुढं.

अहो, राहीबाई ती! लई वर्षांमागं तिनं राब अर्धाच विझवला. रात्री डोंगरावरून वारा सुटला. झोपडी गेली, झोपडीत निजलेला नवरा गेला. ती पाण्याला धावलेली, ती त्या खिंडीतच पडून मेली. तेव्हापासून फिरते.

मोठ्या धोंड्यापाशी आला. तर म्हातारी त्याच्याही आधी तिथं! धोंड्यावर बसलेली. घागर पालथी. थेंब नाही.

"हात लावून बघितलास?"

"बघितला."

खोटं! पण भ्याला का? छे. बधिर माणूस भ्यायचा कसा? चालला आपला.

मग म्हातारी दिसेना. नुसता आवाज. अगदी कानाशी. ठकीचा!

"अवं, पालथा हात ठेवला का?"

थांबला तो. उभा राहिला. आतून काही हलतंय का बघितलं. काही हललं नाही.

"तू मेलीस, ठके," म्हणाला, आणि पुन्हा चालू लागला.

खिंडीच्या तोंडाशी आला. पायाला घागर लागली. आडवी पडलेली, रिकामी. आणि त्या घागरीतून, ऐका, पोर खोकली! धूर नाकात गेल्यासारखी. पुन्हा खोकली. मग कडी वाजली. लहान हातानं आतून दार ओढल्यावर वाजते ना, तशी.

"आबा, दार उघड."

"न्हाई इझला!" धावजी ओरडला. "म्यां इझवलाच न्हाई!"

अशा वाटेवर मागं बघू नये म्हणतात. तो आख्खा मागं वळला. खाली घराच्या अंगाला आभाळ तांबडं. पळाला! वहाणा कुठं पडल्या, कळलं नाही.

राबाच्या कडेला सागाचं खोड होतं. त्याच्या मुळात निखारा धुमसत राहिलेला. वारा सुटला, गवत पेटलं. जाळ कुडाच्या भिंतीपासून दोन हातांवर. तापलेली कडी त्यानं तशीच काढली, पोर उचलली, नांगरलेल्या रानात नेऊन ठेवली. मग निरगुडीच्या ओल्या डहाळ्यांनी जाळ झोडपला. माती टाकली. झोडपला. माती टाकली.

पोर गाढ झोपेत होती. खोकली नव्हती, दार ओढलं नव्हतं.

उजाडताना त्यानं दोन घागरी आणून खोडावर ओतल्या. राखेवर पालथा हात ठेवला. गार. हात उचलला तर तळव्यावर टरारून फोड आलेले. ते आत्ता दुखले. एवढे दुखले की तो तिथंच राखेत बसला आणि ठकीच्या नावानं मोठ्यानं रडला.

पोर सासूकडे गेली नाही.

म्हणून सांगते, दिवस बुडल्यावर त्या खिंडीच्या वाटेनं जाऊ नका. आणि राख असो, चूल असो, बिडी असो, गार झाल्याशिवाय कुठल्याच वाटेनं जाऊ नका. सोपाना, बघ रे पालथा हात ठेवून.

आणि आमच्या दाराला बाहेरून कडी का नाही, हे आता पुन्हा विचारू नका. आबानं त्याच सकाळी उपटून टाकली.