कढत पाणी

आजोबा नका म्हणू मला — अजून झालो नाही. पुढच्या महिन्यात होईन, आणि तोच तर सगळा घोळ आहे. बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय लंगडा आहे, इकडे विहिरीच्या कट्ट्यावर बसा. तुमच्या बाटल्या भरा सावकाश, मी काही अडवणार नाही. पण मघाशी फाटकात मी विचारलं, पाणी कसं आहे, तर तुम्ही म्हणालात, आत्ता सांगता येणार नाही, तपासणीला दीड महिना लागेल. दीड महिना! माझी लेक शनिवारी येतेय, बाई. आठवा महिना सरत आलाय तिचा. इथे, या घरात, आईजवळ बाळंतपणाला. हेच पाणी पिणार, याच पाण्याने बाळाला अंघोळ घालणार. तेव्हा तुमचा तो पर्यावरणाचा अहवाल-बिहवाल राहू द्या बाजूला, मला एवढंच सांगा — तिने यावं की नाही? हो की नाही, एका शब्दात.

बघा, पुन्हा बाटलीकडे वळलात. बरं, मी कोण ते तरी ऐका, म्हणजे उगीच एखादा घाबरट म्हातारा गळ्यात पडला असं वाटायला नको. ते समोर धुराडं दिसतंय ना, कुंपणापलीकडे, त्याच्या बुडाशी रिॲक्टर होता. वीज-बीज नाही करायचा, प्रयोगाचा होता, शिकलेल्या लोकांचा. मी तिथे लॉन्ड्रीत. आत काम करणाऱ्यांचे डगले, मोजे, टोप्या धुवायच्या. शाळा मी चौथीत सोडली, त्यामुळे आत काय शिजायचं ते मला विचारू नका, मला कळलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही. आम्हाला शिकवला तो एकच शब्द — ‘गरम’. ज्याला ते आतलं लागलंय, त्याच्याजवळ मीटर नेलं की टरटरतं, ते गरम. ज्याला नाही, ते थंड. गरम कपडे या पिंपात, थंड त्या पिंपात. एकदा ऐन थंडीत नवा पहारेकरी आला, कुडकुडत होता बिचारा, त्याला कोणीतरी सांगितलं, लॉन्ड्रीत गरम कपडे मिळतात. आला की मागायला! आमचा मुकादम हसून हसून खाली बसला. हसा, हसा तुम्हीपण. हसण्यासारखंच आहे ते.

पण मग तो शब्द घरात शिरला ना. म्हणजे उलटं — घरातून हाकलला आम्ही. हिच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या तोंडून एकदा निघालं, ‘या, पाणी गरम आहे,’ अंघोळीचं हो, आणि माझ्या अंगावर काटा आला. तेव्हापासून या घरात पाणी गरम नसतं, कढत असतं. चहा कढत, भात वाफाळता, अंगात ताप असला तर अंग ‘तापलंय’. कामगारांच्या या सगळ्या ओळीत असंच होतं, आमच्या सगळ्या घरांत. पोरीने शाळेत ‘थंड’च्या विरुद्ध शब्द ‘कढत’ लिहिला आणि बाईंनी फुली मारली, तर रडत घरी आली, म्हणे बाईंना येत नाही. आणि बघा, भीती अशी काही नव्हती हं. वर्षानुवर्षं मीच सगळ्यांना सांगत आलो, काही होत नाही, ते लोक सगळं मोजून सोडतात, धुण्याचं पाणीसुद्धा टाकीत साठवून, मोजून, मग नाल्यात. हो, तो नाला — तो काय, तुमच्या मागे. आता कोरडा आहे. रिॲक्टर बंद पडून किती काळ लोटला.

तर आमचे जावई. त्यांची एक गंमतच आहे — ट्रक चालवतात, लांबलांबचे फेरे, आणि बोलतात मात्र वकिलासारखे. मला आवडत नाही तो माणूस, स्पष्ट सांगतो. गेल्या थंडीत आले होते. पहाटे उठून इथे, इथेच, बादली ओढली, तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाले, ‘अरे वा, पाणी गरम आहे की.’ थंडीत विहिरीचं पाणी कोमट लागतंच, शेंबड्या पोराला पण कळतं ते. पण मला कुठलं सुचतंय. मी धावलो, त्यांच्या हातातला तांब्या हिसकावून घेतला, बादली लाथेने पालथी केली, आणि आत ओरडलो, हिला, की तोंडातलं थुंक, थुंक आधी. ही चूळ भरत होती. जावई तोंडाला टूथपेस्टचा फेस घेऊन उभे, माझ्याकडे बघत. मग ध्यानात आलं सगळ्यांच्या. ही हसायला लागली, पोरगी हसायला लागली, मीपण हसलो. जावई नाही हसले. तोंड पुसून इतकंच म्हणाले, ‘मामा, तुम्हाला तर आमच्यापेक्षा जास्त भीती वाटते.’

आता असल्या बोलण्याला काय उत्तर द्यायचं? मी म्हटलं, सवय आहे, कामाची सवय. ते मानायला तयार नाहीत. तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद, बाळंतपण तिथे नको, माझ्या बहिणीकडे जा. आणि आमची पोरगी माझी बाजू घेऊन भांडतेय. म्हणते, माझे बाबा तिथे सगळी हयात राबले, त्यांना जास्त कळतं की तुला? नवऱ्याशी चार दिवस बोलली नाही. बॅग भरून बसलीय. माझ्या शब्दाखातर, बाई. नणंदेचं घर बरं आहे हो, थोडं अडचणीचं आहे, पण माणसं वाईट नाहीत. ती तिथे गेली असती तर मला एवढी — नाही, म्हणजे मला काही नाही. मी निवांत आहे. ही बघा वर गाद्या वाळत घालतेय सकाळपासून, जुनी दुपटी काढलीत, गाणी म्हणतेय.

तुम्ही लोकांनी आता ते रिॲक्टरचं धूड मोडायला काढलं म्हणून हे सगळं. निपचित पडलं होतं तिथे, पडू द्यायचं होतं. आता भिंती कापणार, त्याची धूळ उडणार, टाकीखालची माती उकरणार, आमच्या दारावरून ट्रक जाणार. काय म्हणता? न मोडता ठेवलं तर कधीतरी आपोआप झिरपेल? हां. म्हणजे ठेवलं तरी ते, आणि काढलं तरी ते. छान. आणि तो तुमचा अहवाल — वाचनालयात ठेवलाय ना, कोणीही वाचा म्हणून. मी शेजाऱ्याला घेऊन गेलो, त्याने वाचून दाखवला. त्यात सारखं एकच, परिणाम नगण्य, परिणाम नगण्य. मी त्याला विचारलं, नगण्य म्हणजे काय रे, तर म्हणे, मोजण्यासारखं नाही ते. मग मोजलं नाही की मोजून सोडून दिलं? त्याला कुठलं माहीत. तुम्हीच सांगा.

मोजलं. बरं. मोठ्या माणसासाठी मोजलं. आणि पोटातल्यासाठी?

वेगळा आकडा असतो? त्याच्यासाठी वेगळा? आणि तो आमच्या आकड्यापेक्षा लहान. म्हणजे आम्हाला जेवढं चालतं तेवढं त्याला चालत नाही. बरोबर ना? मान हलवू नका नुसती, बोला. बरोबर. आणि या विहिरीचं पाणी त्या लहान आकड्याच्या आत आहे की बाहेर, ते तुम्हाला माहीत नाही.

माहीत नाही. मघापासून तेच सांगताय, आणि मी मघापासून तुमच्यावर खेकसतोय. एक सांगू का? इतक्या वर्षांत कितीतरी साहेब आले या कट्ट्यावर, टाय लावलेले, बिनटायचे. मी विचारायच्या आधी सांगायचे, काही होत नाही, काका, बिनधास्त प्या. एक तर माझ्यासमोर ग्लासभर प्यायला, फोटो काढून घेतला. माहीत नाही असं म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच. त्याने मला धीर यायला पाहिजे होता, खरं म्हणजे. चांगल्या आहात तुम्ही. पण मला उलट खरा संशय आला, बाई. त्या सगळ्यांनी छातीठोक सांगितलं तेव्हा नाही आला. आत्ता आला.

थांबा, फोन. तिचाच. तुम्ही बसा, नका उठू — बसा म्हटलं ना.

हं, बोल. जेवलीस? … हो, आई वर आहे, गाद्या. … ऐक. ऐक आधी. तिकीट काढलंस का? … मग रद्द कर. … कुणी काही बोललं नाही मला. … नाही, सापडलं काही नाही, तपासणाऱ्या बाई आल्यात, समोर बसल्यात, त्या म्हणतात अजून माहीत नाही. … होतो ना म्हणत. म्हणत होतो मी. आता म्हणत नाही. … तुझा नवरा बरोबर बोलतोय. … ऐकलंस ते. दुसऱ्यांदा नाही म्हणणार. … नणंदेकडे जा, आईला मी तिकडे पाठवतो, उद्याच पाठवतो, तुझ्याजवळ राहील ती, झाल्यावरही राहील. … मी कशाला? मी इथे बरा आहे. घराला माणूस नको? … रडू नकोस. … रडत नाहीस ना? मग झालं तर. … काय? … हॅलो. हॅलो, आवाज येत नाही तुझा. तुटतंय. ठेवतो.

काय बघताय? रेंज चांगली आहे इथे, धुराड्याशेजारीच टॉवर आहे. स्पष्ट ऐकू येत होतं. म्हणाली, बाबा, मग मी? मी जन्मले तेव्हापासून लग्न होईपर्यंत तेच पाणी प्यायले ना?

भरा तुमच्या बाटल्या. झाकणं नीट लावा, आणि निघा. वर हिचं गाणं थांबलंय, आता खाली येईल ती, आणि मला तिला सांगायचंय. तुम्ही इथे नका राहू.