हुंकार दे वं!

एक होती आजी, म्हंजे मीच. एक होती पाच वर्षांची नात गुड्डी, अन् एक होती धंतोलीतून रातपाळी करून आलेली नर्स सून, जिले गुड्डीपायी दुपारची झोप मिळेच ना.

सून म्हणे, "आई, तिले शांत गोष्ट सांगा. वाघ नको, राक्षस नको."

मी गाईची सांगितली. पण आमच्याकडे ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचाच! गुड्डीचा डोळा लागला की मी हलवायची, "हूं म्हण वं!" चार दिवस कोणीच झोपलं नाही.

पाचव्या दिवशी गुड्डी म्हणे, "आज मी सांगते, तू हूं म्हण."

दुसऱ्याच हूंले माझा डोळा लागला. उठली तं माझ्या अन् सुनेच्या अंगावर चादर, अन् गुड्डी दारात भाजीवाल्याले दटावून राहिली होती, "ओरडू नको गा, दोघींले आत्ताच झोपवलं!"